एक चिकट प्रश्न

‘चिकटणे’ या एका क्रियापदावर मी वर्गात पाऊण तास सहज बोलू शकतो. चिकट माणूस पैसा सोडत नाही, चिकाटीचा माणूस काम सोडत नाही, आणि चिकटलेला पाहुणा दुसरा चहा झाल्याशिवाय उठत नाही. एकाच धातूची ही तीन रूपे, पण समाजात तिघांची पत किती वेगळी, हे सांगू लागलो की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात. परंतु लाकडाला कागद कशाने चिकटवावा, हा प्रश्न गेल्या वर्षीच्या दसऱ्याआधी मला कोणी विचारला असता, तर ‘डिंकाने’ असे एका शब्दात सांगून मी मोकळा झालो असतो. त्या एका शब्दाचे पुढे काय झाले, ते या दिवाळीला वाचकांच्या कानांवर घालावे म्हणतो. एरवी या सदरात मी पुस्तकांविषयी लिहितो. पण फराळाच्या ताटात एखादी चकली वेगळ्या आकाराची निघाली म्हणून कोणी ताट परत पाठवीत नाही.

दसऱ्याच्या दिवशी धुळ्याहून माझा पुतण्या सोने द्यायला जळगावला आला. आपट्याच्या पानांबरोबर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी माझ्या हाती ठेवली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलेली. नाना धुळ्याच्या एका शाळेत हस्तव्यवसायाचे शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी निम्म्यांना इतिहासातल्या सनावळ्या आठवत नसतील, पण फ्रेटसॉचे पाते दात खाली करून बसवायचे, हे एकही विसरलेला नसेल. फ्रेटसॉ म्हणजे इंग्रजी ‘यू’च्या आकाराची ती लोखंडी चौकट आणि तिच्यात ताणून बसवलेले दोऱ्यासारखे बारीक पाते. पातळ फळीला सामत्याने भोक पाडायचे, पाते त्यातून ओवायचे, आणि आतून आतून नक्षी कापीत जायचे. आमच्या घरी दिवाळीला बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील कधी लागलाच नाही. सहा फळ्यांचा, सहा नक्ष्यांचा आणि आतून पतंगी कागद लावलेला लाकडी कंदील लागे. तो माझ्याहून वयाने मोठा होता. तीन वर्षांपूर्वी माळ्यावर त्याला वाळवीने गाठले.

सुरळीत सहा कागद होते. प्रत्येक सहा इंच रुंद, नऊ इंच उंच. जाड ड्रॉइंगपेपरवर काळ्या शाईने काढलेली नक्षी. केळीचा घड, कपाशीचे उमललेले बोंड, मोर, तुळशीवृंदावन, पणती. आणि सहाव्या कागदावर वेलींच्या मधोमध माझ्या आईचे नाव. आई जाऊन आता चार वर्षे झाली. तिच्या नंतरच्या हिवाळ्यात नानांनी हे कागद काढायला घेतले, आणि ते पुरे होता होताच त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. आता त्यांना सहीसुद्धा दोन दमांत करावी लागते. म्हणजे हे सहा कागद पुन्हा कोणी काढू शकणार नव्हते.

बरोबर चिठ्ठी होती, पुतण्याच्या हस्ताक्षरात: ‘कापायचे काम ताईने करावे, तिचा हात मी सुटीत बसवून दिला आहे. तू फक्त कागद चिकटव. असा चिकटव, की कापताना हलू नये आणि कापून झाल्यावर राहू नये.’

ताई म्हणजे आमची कन्या, इयत्ता नववी. कारागिरी तिची आणि चिकटवणे माझे, असा कामाचा वाटा बापाच्या पदवीकडे पाहून झाला असावा. पण चिठ्ठीतले ते शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. परस्परविरोधी गुणांची अशी मागणी मी यापूर्वी फक्त वधूवरांच्या जाहिरातींत वाचली होती.

पहिली गोष्ट मी केली ती अशी, की मूळ कागद कपाटात कुलूपबंद केले आणि गोलाणी मार्केटात जाऊन प्रत्येकाच्या चार चार झेरॉक्स काढून आणल्या. यात माझा व्यवसाय आडवा आला हे कबूल करतो. अपुऱ्या राहिलेल्या पीएच.डी.च्या निमित्ताने धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात मी पुष्कळ दुपारी घालवल्या आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. तिथली बाडे ज्याने हाताळली, त्याला मूळ कागदाला सुरी लावायची कल्पनाच सोसत नाही. शिवाय अशा ठिकाणी वावरताना एक गोष्ट कळते. जुन्या कागदाला ठिगळ लावायचे ते गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या खळीने. कारण उद्या कोणाला ते काढावेसे वाटले, तर पाण्याचा हात लावताच ते सुटते. याउलट कोणी हौशी गृहस्थाने पोथीच्या फाटक्या पानाला प्रेमाने सेलोटेप लावून ठेवली असेल, तर काही वर्षांत तो पट्टा गळून पडतो आणि पिवळा डाग पोथीला जन्माचा राहतो.

तेव्हा मला वाटले, खळच! जे पोथीला चालते ते प्लायवूडला का चालू नये? आमच्या कुटुंबाने मैद्याची छान खळ शिजवून दिली; झुरळे लागू नयेत म्हणून बुकबाइंडर करतात तशी मोरचुदाची चिमूट मी तिच्यात टाकली, त्या पातेल्यावरून घरात जे ऐकून घ्यावे लागले ते सोडा. झेरॉक्स चिकटल्याही झकास. दुसऱ्या दिवशी ताईने पट्टी लावली आणि म्हणाली, “बाबा, मोर मोठा झालाय.”

झाला होता खरा. नऊ इंचांचा मोर एका सुताने वाढला होता. सुतारांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागद हा शेवटी तंतूंचा विणलेला थर. पाणी पिऊन प्रत्येक तंतू जाडीत फुगतो आणि सारा कागद एका अंगाने पसरतो. त्या पसरलेल्या अवस्थेत तो लाकडाला धरला गेला की मग वाळला तरी पुरता आक्रसत नाही. एकट्या मोराचे काही बिघडले नसते. पण नानांच्या कंदिलात तळाशी एक वेल आहे, ती एका फळीतून निघून दुसरीत जाते आणि सहा फळ्यांना प्रदक्षिणा घालून स्वतःला येऊन मिळते. खळ कुठे जास्त ओली लागली होती, कुठे कमी. त्यामुळे मोराची वेल वर आणि कपाशीची वेल खाली. शिवाय चार एम.एम.चा तो प्लाय ओल पिऊन पापडासारखा वाकला तो निराळाच. पोथीला ठिगळ दोन बोटांचे असते आणि तिला मापात बसायचे नसते, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

मग घरातला पांढरा गोंद काढला. या पांढऱ्या गोंदाची कथा आपल्या मुंबईचीच आहे. पूर्वी सुतारांकडे सरस असे. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला, लावायच्या वेळी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून तापवावा लागणारा, आणि सगळी आळी नाकाला पदर लावील असा. १९५९ साली बळवंत पारेख यांच्या कारखान्याचा फेव्हिकॉल बाजारात आला. तापवणे नाही, वास नाही. सुतारांनी तो उचलला आणि सरसाचे डबे अडगळीत गेले. लाकडाला लाकूड जोडायला त्याच्यासारखा गडी नाही. पण त्याची रीतच अशी, की तो लाकडाच्या रंध्रांत शिरतो आणि तिथेच वाळून बसतो. ज्याला घरजावई व्हायचे आहे, त्याला मी चार दिवसांचा पाहुणा म्हणून बोलावले. कापून झाल्यावर कागद निघेना. पॉलिशपेपरने घासावा तर प्लायचा वरचा सागाचा पापुद्राच निघाला, आणि खालचे पांढुरके लाकूड दात विचकून हसू लागले. दोष गोंदाचा नव्हे, माझ्या योजनेचा.

मुलांच्या दप्तरातली गोंदाची कांडी त्यामानाने गुणी निघाली. तिच्यात पाणी कमी, म्हणून मोर फारसा वाढला नाही. पण नक्षी जिथे नाजूक होते, मोराच्या तुऱ्यापाशी, तिथे पात्याच्या वरखाली होण्याने कागदाचे टोक फडफडू लागले आणि रेघ दिसेनाशी झाली. रेघ दिसेना म्हणजे कापणाराने अंदाजाने जायचे, आणि अंदाजाने गेलेला मोर कोंबडा होतो.

एव्हाना शेजारी बातमी पसरली होती. समोरच्या आजी, मूळच्या अमळनेरकडच्या, फाटकातूनच विचारीत, “काय करी ऱ्हायना रे भाऊ?” त्यांच्या नातवाचे सायकलचे दुकान आहे. त्याने पंक्चरच्या सोल्यूशनची एक नळी आणून दिली, आणि खरे सांगतो, नापास गोंदांच्या यादीत हा पहिलाच पास झाला. रबराच्या या द्रावणात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून कागद जागच्या जागी राहतो. छापखान्यांत संगणक येण्यापूर्वी मजकुराचे तुकडे पानावर लावणारे कलाकार याच जातीचा रबराचा गोंद वापरीत. हा मथळा इकडे, ते चित्र तिकडे, असे उचलून पुन्हा लावता येई आणि उरलेला गोंद बोटाने चोळला की गोळ्या होऊन निघे. गंमत अशी, की तो दोन्ही बाजूंना लावून, वाळू देऊन मग चिकटवला तर पक्का बसतो. एकाच बाजूला लावून ओला असतानाच टेकवला तर कच्चा राहतो. पण सहा नक्ष्यांना नळ्या किती लागणार, आणि बोटाने पसरलेला थर सारखा कसा येणार? जिथे जाड, तिथे पाते अडखळे.

ती ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ ही जोडी मात्र डोक्यात राहिली, आणि पुढच्या शनिवारी फुले मार्केटात तीच माझ्या उपयोगी पडली.

मी फवाऱ्याच्या डब्याच्या शोधात निघालो होतो. डबा दाबावा, धुके निघावे, आणि त्या धुक्याचा पातळ, कोरडा, सर्वत्र सारखा थर कागदाच्या पाठीवर बसावा, अशी ही युक्ती. पहिल्या दुकानदाराने मोटारीच्या छताचे रेक्झिन आणि फोम बसवायचा डबा काढला. लेबल वाचूनच मी मागे सरलो. जो मोटारीचे छत उन्हाळ्यात धरून ठेवतो तो माझा कागद काय सोडणार? दुसऱ्याकडे फोटो पुठ्ठ्यावर डकवण्याचा होता, तोही आजन्म. तिसरे दुकान भरतकामाच्या यंत्रांच्या सुट्या भागांचे होते. तिथल्या माणसाने माझी सारी कहाणी शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न केला, “सर, पक्कं पाहिजे का कच्चं?”

मी चमकलोच. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, मापाला बसले की पक्की शिलाई मारतो आणि कच्चा टाका ओढून काढतो. भरतकामाच्या यंत्रावर कापडाखाली जो अस्तराचा कागद लावतात, तो भरणे होईपर्यंत जागेवर राहावा म्हणून असाच कच्चा फवारा मारतात. नानांच्या चिठ्ठीतले वाक्य या गृहस्थाने दोन शब्दांत बसवले होते. डबा घेतला. पाचशेच्या नोटेतून फारसे काही परत आले नाही.

अशा कच्च्या गोंदांचीही एक मौजेची हकीकत आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ जबरदस्त पकडीचा गोंद शोधत होते, आणि हाती आला तो अगदीच लेचापेचा. चिकटे, पण ओढला की सुटे. त्यात बारीक बारीक गोळ्या होत्या आणि त्या कागदाला जागोजाग फक्त टेकत. काही वर्षे त्याचे काय करावे हे कोणालाच सुचेना. त्याच कंपनीतले आर्थर फ्राय चर्चमध्ये गायला जात, आणि त्यांच्या गीतांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या खाली पडत. त्यांनी त्या चिठ्ठ्यांना हा नापास गोंद लावून पाहिला. १९८० साली ते पिवळे चिटोरे अमेरिकेच्या बाजारात आले. आज माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांपेक्षा तेच अधिक दिसतात.

पण डबा हाती येणे निराळे आणि तो चालवता येणे निराळे. रविवारी दुपारी दोन वाजता मी गच्चीवर गेलो. जळगावची ऑक्टोबरमधली दुपार ज्यांनी अनुभवली नाही त्यांना काय सांगावे! ऊन मेचे नसते, पण आव मेचाच असतो. डबा दोन फूट दूर धरून मी दाबला. धुके कागदापर्यंत पोचण्याआधी हवेतच वाळले, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू झाले, आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर ते जाळे दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर जाऊन विसावले. चादरी शेजाऱ्यांच्या होत्या.

संध्याकाळी घरात, देवघराशेजारच्या खोलीत, दुसरा प्रयोग मांडला. डबा हलवतो न हलवतो तोच सौ. निरांजन घेऊन देवघराकडे निघाल्या. ताई किंचाळली, “आई, थांब!” तिने लेबल वाचले होते, मी फक्त नाव वाचले होते. या डब्यातून गोंद बाहेर ढकलणारा वायू बहुधा ब्युटेन-प्रोपेनचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचाच भाऊबंद असतो, आणि गोंद ज्यात विरघळवलेला असतो ते द्रावणही पेट घेणारे. दिवाळीच्या दिवसांत घरोघर पणत्या, फुलबाज्या आणि तळणीच्या शेगड्या चालू असतात, तेव्हा एवढे एक मनावर घ्यावे: हा फवारा ज्योतीच्या आसपास नको, बंद खोलीत नको, आणि डबा उन्हात किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर मुळीच नको. त्या सायंकाळी निरांजन पाच मिनिटे उशिरा लागले. त्यानंतर डब्याचा ताबा ताईने घेतला.

तिने जी रीत बसवली ती अशी. सकाळी सातला, हवा थंड आणि पडलेली असताना, ओसरीत एक मोठे पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवायचे. प्लाय आधीच घासून, फडक्याने त्याची भुकटी पार पुसून घ्यायची, कारण गोंद धुळीला चिकटला तर लाकडाला चिकटत नाही. कागद खोक्यात पालथा घालायचा, डबा वीतभर अंतरावरून सरळ रेषेत फिरवायचा आणि थर एकच द्यायचा. गोंद मारायचा तो कागदाला, लाकडाला नव्हे. लाकडाला मारला की तो रंध्रांत जातो, आणि पुढे पॉलिश करताना तिथे तिथे डाग उठतात. मग अर्धा मिनिट थांबायचे. बोट लावले असता चिकटेल पण बोटावर येणार नाही, अशी वेळ साधून कागद मधून कडेकडे दाबत बसवायचा. शेवटी डबा उलटा करून नुसता वायू निघेपर्यंत दाबायचा, म्हणजे तोंड बुजत नाही. ही शेवटची गोष्ट मला अजून साधत नाही.

केळीचा घड त्या रविवारी कापून झाला. नऊ इंचांचा घड नऊच इंचांचा राहिला. तुळशीवृंदावन आणि मोर पुढच्या दोन दिवसांत. कपाशीचा कागद मात्र चिकटवून ठेवला आणि तिची घटकचाचणी आली. आठवड्याने पाहतो तर त्याचे कोपरे उठलेले. कच्च्या गोंदाच्या काही जाती चार-सहा दिवसांत आपली आपणच पकड सोडतात. ज्या दिवशी कापायचे त्याच दिवशी चिकटवावे, हा धडा बोंडाने दिला. दुसरी झेरॉक्स लावून तेही झाले, पणतीही झाली.

राहिला सहावा कागद.

इथे एका मराठीच्या मास्तराला थोडे विषयांतर करू द्या. आपली देवनागरी लाकडात कापायला फार सोयीची लिपी आहे. रोमन अक्षरे सुटी सुटी. कापली की भुईवर सांडतात. आपली अक्षरे शिरोरेघेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकलेली, त्यामुळे शब्दच्या शब्द एका तुकड्यात निघतो. अडचण एकाच ठिकाणी: अनुस्वार. तो बिचारा रेघेच्या वर अधांतरी. १९६२ साली आपण लेखनातून न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले, तेव्हा मुलांच्या बरोबरीने फ्रेटसॉवाल्यांनीही सुस्कारा सोडला असेल. पण उच्चारलेला अनुस्वार कुठे जाणार? माझ्या आईच्या नावात तो आहे. नानांनी तो कुंकवाच्या टिकलीएवढा काढला होता आणि वरच्या वेलीची एक बारीक काडी खाली आणून तिला तो टांगला होता. ती काडी एका सुताहून जाड नव्हती.

झेरॉक्सवर ताईने ती कापून पाहिली. कापली छान. पण कागद ओढून काढताना कट्‌ असा आवाज झाला आणि टिकली जमिनीवर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, “बाबा, मला नाही जमणार. आजोबांकडे जाऊ.”

पुढच्या रविवारी आम्ही गाडीने धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, नव्वद किलोमीटर. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून ताईच्या मांडीवर. गावात शिरताना पाच कंदील चौकात नेहमीची गर्दी होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे कंदील टांगलेले होते. नाना ओट्यावर वाट पाहत होते. ताईने पाच फळ्या त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा थरथरत होता, पण कुठे थांबायचे ते त्याला माहीत होते.

“मोर चांगला गेलाय बाई,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, “हे झेरॉक्सवरून कापलंय.”

“तुम्हांला कसं कळलं?”

“वेल अर्ध्या सुताने लहान आहे. यंत्र कागद ओढताना थोडं खातं. पाचही सारखीच लहान आहेत म्हणून खपेल. पण माझे कागद कुठे आहेत?”

मी सांगितले, कपाटात, कुलपात. पुन्हा काढता येणार नाहीत म्हणून जपून ठेवले आहेत. माझ्या आवाजात संशोधन मंडळातली दुपार उतरली असावी.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, भिंतीवर लावायचं असतं तर मी चित्र काढलं असतं. नक्षी कापायलाच काढतात. इंग्लंडात एक साप्ताहिक निघायचं, ‘हॉबीज’ नावाचं. अठराशे पंच्याण्णव सालचं. अंकाबरोबर नक्षीचा कागद देत. लोक तो फळीला डकवायचे, कापायचे आणि उरलेला घासून टाकायचे. कपाटात कोण ठेवणार?” आणि जरा थांबून, “सहावा आणला आहेस का?”

आणला होता. सुरळी हातात धरूनच मी बसलो होतो.

पाच फळ्या अर्ध्या सुताने लहान, आणि सहावी मूळ मापाची. मग वेल जुळणार कशी, हे मी विचारले. नानांनी ताईकडे पाहिले. “रेघेच्या आतून जाशील की बाहेरून?” “आतून,” ती म्हणाली. “मग झालं.” पात्याची जाडी कोणत्या बाजूला टाकायची, एवढ्यात ते अर्धे सूत जिरवायचे होते.

मग टिकलीचे काय, हे निघाले. नानांनी डबा हातात घेऊन वास घेतला, तोंड वाकडे केले, आणि बोटावर थोडासा फवारून बोटे चोळून पाहिली. “गोंद चांगला आहे. तुम्ही ओढता चुकीचे. कागद लाकडावरून वर ओढायचा नाही. कागद कागदावर दुमडून, जमिनीसारखा आडवा मागे न्यायचा. आणि काडीपासून सुरुवात करायची नाही, काडीकडे यायचंही नाही. दोन्हीकडून येऊन तिथे थांबायचं.” वहिनींनी आतून केस वाळवायचे यंत्र आणले. कोमट हवेने गोंद मऊ पडतो, हे त्यांना ठाऊक होते. लेकाच्या वह्यांवरची दुकानांची लेबले त्या असेच काढतात.

ओसरीत खोके मांडले. फवारा ताईने मारला, अर्धा मिनिट मी मोजला, कागद मात्र नानांनी बसवला. दोन्ही तळहात कागदाच्या मध्यावर ठेवून त्यांनी अंगाचा भार दिला, आणि मी पाहिले तर भार असेतो हात हलत नव्हते.

कापायला पावणेदोन तास लागले. आधी आतली भोके, मग अक्षरे, शेवटी बाहेरची कड. नाना मागे स्टुलावर बसून होते. दोनदा म्हणाले, “दम घे.” काडी आली तेव्हा काहीच म्हणाले नाहीत.

मग कागद काढायचा. वहिनींनी कोमट हवा धरली, ताईने एका कोपऱ्यातून कागद आडवा दुमडीत आणला. एकीकडून काडीपर्यंत, दुसरीकडून काडीपर्यंत. तिथे येऊन तिने नखाने अलगद उचलले. टिकली जागेवर राहिली. आणि कागद तिच्या हातात अख्खा आला. कापलेल्या नक्षीचा, भोकाभोकांचा, आईच्या नावाचा, जाळीदार, एकसंध कागद. पाठीला थोडा चिकटपणा होता. तो बोटांनी चोळताच गोळ्या होऊन पडला. जे मी कुलपात ठेवून वाचवणार होतो ते कापूनही वाचले होते. नानांना हे आधीपासून ठाऊक होते की नाही, ते मी विचारले नाही.

कंदील वसुबारसेला धुळ्याच्या ओट्यावर लागला. वेल सहाही फळ्यांतून फिरून स्वतःला मिळाली. मोर आणि केळीच्या मध्ये केसभर चुकली आहे, ती जागा नाना येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून दाखवतात. जाळीदार कागदाला त्यांनी आपल्या जुन्या नमुन्यांच्या वहीत जागा काढून ठेवली होती. मी खिशातून गोंदाची कांडी काढली, तर म्हणाले, “ते राहू दे. खळ कर थोडी. आणि मोरचूद टाकायला विसरू नकोस.”